पाखऱ्याचं डावं शिंग

मी एक माउस बोलतोय. कॉम्प्युटरचा माउस. मुक्काम पारगाव, चांगदेवभाऊंचा गोठा, दारातून आत शिरल्यावर उजव्या हाताची खुंटी. शेजारच्या खुंटीवर एक घुंगुरमाळ आहे आणि खाली एक म्हैस आहे, तिला माझ्या शिक्षणाचं काडीचं कौतुक नाही. माउस गोठ्यात काय करतो, असं तुमच्या मनात आलं असेल. पहिले काही दिवस माझ्याही मनात तेच होतं.

जन्म माझा परदेशातला. नक्की कुठला ते पोटावरच्या चिकटपट्टीवर लिहिलेलं होतं, पण ती पिंटूने पहिल्याच आठवड्यात नखाने खरवडून काढली. माणसाच्या हाताला रिकामं बसवत नाही. पाठीवर दोन बटणं, मध्ये एक चाक, पोटात रबरी गोळी आणि मागे लांब शेपटी, असा मी देखणा गडी होतो. रंग पांढरा होता. आताचा रंग विचारू नका.

दोन हजार तीन साली पिंटूने मला पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या कॉम्प्युटरच्या दुकानातून मंचरला आणलं. पिंटू म्हणजे केवलचंद शेठचा मुलगा. शेठचं बाजारपेठेत जनावरांच्या खाद्याचं दुकान, सरकी पेंड, भुसा, चुणी. पिंटूने पुण्यात तीन महिन्यांचा कोर्स केला होता आणि येताना सोबत दोन गोष्टी आणल्या होत्या, जेल लावलेले केस आणि थ्री-डी ॲनिमेशनचा क्लास काढायची कल्पना. दुकानाच्या माडीवर क्लास निघाला. बाहेर बोर्ड लागला, ‘तीन महिन्यांत ॲनिमेटर व्हा, परदेशात नोकरीची संधी’. परदेशातून आलेला तिथे मी एकटाच होतो, पण माझं मत कुणी विचारलं नाही.

खालून पेंडीची धूळ वर यायची आणि थेट माझ्या पोटात जायची. गोळी अडकली की पिंटू मला उलटा करून फुंकर मारायचा आणि गोळी पॅन्टला पुसायचा. तरी बाण पडद्यावर सरकला नाही, तर मला टेबलावर दोनदा आपटायचा. स्वतःला काही जमलं नाही की “माउस खराब आहे” हे त्याचं ठरलेलं वाक्य होतं. नाचता येईना अंगण वाकडं, हे मी फार जवळून पाहिलं आहे, कारण ते अंगण मीच होतो.

पिंटू सरांची विद्या एका किटलीपर्यंत होती. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक तयार किटली मिळायची. बटण दाबायचं, मला थोडं ओढायचं, की पडद्यावर किटली हजर. तिला रंग द्यायचा, गोल फिरवायची, झाला कोर्सचा पहिला महिना. दुसऱ्या महिन्यात दोन किटल्या. तिसऱ्या महिन्यात किटलीवर विद्यार्थ्याचं नाव. मंचरच्या कितीतरी मुलांनी माझ्या पाठीवर घामेजले हात ठेवून किटल्या काढल्या, आणि त्यांतल्या एकाही किटलीतून कधी चहा आला नाही.

शेठची मुलगी टीना दुपारी वर यायची. बारावी झाली होती, पुढे काय ते ठरत नव्हतं. पिंटू जेवून पंख्याखाली आडवा झाला की ती खुर्चीवर बसायची. तिचा हात हलका होता. बटण दाबायच्या आधी ती थोडी थांबायची. विचार करून क्लिक करणारं माणूस मला मंचरमध्ये तेवढंच भेटलं.

आता बैलाकडे येतो.

पारगावचे चांगदेवभाऊ पेंडीचे जुने गिऱ्हाईक. त्यांचा पाखऱ्या नावाचा बैल गाड्याचा होता. आमच्या जुन्नर-आंबेगावात गाड्याचा बैल म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. जत्रेत घाट भरतो, म्हणजे चढाचा एक सरळ पट्टा. पुढे घोडी, मागे बैल, गाड्यावर माणूस नाही, आणि बघता बघता खेळ खलास. त्या काही सेकंदांसाठी वर्षभर बैलाला दूध पाजायचं, अंडी चारायची. अंड्यांचा विषय निघाला की केवलचंद शेठ पेंडीचं पोतं मोजायला आत जायचे. पाखऱ्याने पुष्कळ घाट मारले होते आणि मागच्या दिवाळीत पोट फुगून तो गेला.

चैत्राच्या जत्रेत पाखऱ्याचा मोठा फ्लेक्स लावायचा, असं भाऊंनी ठरवलं. गल्लीबोळात फ्लेक्स लागायला नुकतीच सुरुवात झाली होती आणि ज्याचा फ्लेक्स नाही तो माणूस नाही, असे दिवस होते. पेंड घ्यायला आल्यावर त्यांनी हे शेठच्या कानावर घातलं. पिंटूने जिन्यातूनच ऐकलं.

“काका, फोटो कशाला? आपण थ्री-डीत अख्खा बैल बनवू. चारी बाजूंनी फिरणारा.”

“जित्ता दिसंल का?”

“जिवंतापेक्षा भारी दिसेल.”

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात. इथे तर झोपा, म्हणजे गोठ्याचं दार, राहिला बाजूला, बैलच करायला निघाले होते. आणि करणारा कोण, तर किटलीवाला.

त्या दिवशी भाऊंच्या बरोबर त्यांच्या पत्नी होत्या, कुशाबाई. पाखऱ्याला वासरू असल्यापासून त्यांनीच वाढवलं होतं. त्याची आई विताना गेली, तर कुशाबाईंनी त्याला बाटलीने दूध पाजलं. तो गेल्यापासून त्या गोठ्यात पाय ठेवत नव्हत्या, म्हशीची धार शेजारणीकडून काढून घेत होत्या. त्यांना फ्लेक्सचं काही पडलं नव्हतं. माडीवर येऊन त्या टीनाला हळूच म्हणाल्या, “पोरी, त्याचं त्वांड डोळ्यांफुडनं जायाला लागलंय गं. रोज थोडं थोडं पुसट व्हतंय. मला येकदा त्याला नीट बघू दे, मग मी गोठ्यात जाईन.”

“घरात फोटो नाही का मावशी?”

होता, एकुलता एक. घाटातल्या बक्षीस समारंभाचा. फेटे बांधलेली आठ-दहा माणसं, मधोमध ढाल, आणि त्या सगळ्यांच्या मागून पाखऱ्याचं अर्धं तोंड. एक डोळा, एक कान, एक शिंग. बाकीच्या अर्ध्या बैलापुढे चांगदेवभाऊ छाती काढून उभे होते. पळाला बैल आणि फोटो आला माणसांचा. यात मला नवल वाटलं नाही, मी तोवर माणसांमध्ये वर्षभर राहिलो होतो.

पिंटूने दोन दिवस खटपट केली. किटलीला पाय लावून पाहिले. तिसऱ्या दिवशी त्याला एकदम क्लासच्या जाहिरातीचं काम आठवलं आणि बैल टीनाच्या गळ्यात पडला.

टीनाने बैल आयुष्यात कधी जवळून पाहिला नव्हता. तिच्या घरी शिंगं असलेलं काही आलं असेल तर ती सायकल. शिकवायला कुणी नाही, पुस्तक इंग्रजीतलं आणि त्याची मधली पानं गायब. तिने पडद्यावर एक चौकोनी खोकं घेतलं, कारण पुस्तकात उरलेल्या पहिल्या पानावर ‘खोक्यापासून सुरुवात करा’ असं होतं. खोक्याला तिने चार पाय ओढून काढले. खाट तयार झाली. मान ओढली, तर खाटेवर उशी ठेवल्यासारखं दिसलं. तिने ते गुळगुळीत करायचं बटण दाबलं, तर सगळा बैल वापरलेल्या साबणासारखा झाला.

आता त्या कामातली खरी गंमत सांगतो. पडद्याचे चार भाग असतात. एकात वस्तू समोरून दिसते, एकात वरून, एकात बाजूने, आणि चौथ्यात फिरवून बघायची. टीनाने समोरच्या चौकटीत बैलाचं नाक इतकं सुंदर बसवलं की तिचं तिलाच हसू आलं. मग तिने बाजूची चौकट पाहिली. नाक बैलापासून सुटून खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलं होतं. समोरून बघताना ते जागेवर दिसत होतं इतकंच. समोरून बरोबर दिसलं की काम झालं, हा माणसांचा जुना समज आहे. लग्नं जमवतात ती अशीच, पुढारी निवडतात तेही असेच. मशीन मात्र म्हणतं, बाजूने दाखव, मागून दाखव.

पुढचे किती दिवस मी नाक, कान आणि वशिंड यांच्यामागे सरपटलो त्याला गणती नाही. एकदा बैलाच्या पाठीचे तुकडे उलटे झाले आणि आतून रिकामा बैल दिसायला लागला. एकदा सगळं छान जमलं आणि लाइट गेली, काम सेव्ह केलेलं नव्हतं. टीना काळ्या पडद्याकडे बघत बसली. मग तिने मला पालथं केलं, गोळी काढली, ओढणीच्या टोकाने आतली चाकं पुसली, गोळी परत बसवली आणि लाइट येईपर्यंत मला तसंच हातात धरून ठेवलं. ती रडत होती. खालून शेठ विचारत होते, “टीना बेटा, बैल उठला का?”

मग तिला आरशाची युक्ती सापडली. या कामात अर्धीच वस्तू बनवायची. एक आज्ञा दिली की मशीन आरशात दिसावी तशी दुसरी बाजू स्वतःच करून देतं. फोटोत अर्धाच बैल होता आणि मशीनला अर्धाच हवा होता. दोघांचं जमलं. एक डोळा केला, दोन झाले. एक शिंग केलं, वर चढत जाणारं, टोकाला आत वळलेलं, तर तसंच दुसरं समोर उगवलं. खोक्याचा बैल झाला होता. पहिल्या प्रयत्नाच्या मानाने फारच बरा. मला अभिमान वाटला, मी तो लपवणार नाही.

चांगदेवभाऊ बघायला आले तेव्हा त्यांचा चेहरा फुलला. “आरं वा. काय रुबाब हाय राव.” पाव तासाने दुरुस्त्या सुरू झाल्या. वशिंड आणखी वर घ्या. मान जाड करा. डोळं मोठं. कातडी चमकू द्या. फोटो स्टुडिओत मेलेल्या वडिलांना कोट चढवून घेतात, तसं भाऊ बैलाला चढवत होते आणि पिंटू सर मागे उभे राहून “होऊन जाईल काका” म्हणत होते. टीना करत गेली. शिंगांबद्दल मात्र भाऊ काहीच बोलले नाहीत. शिंगांकडे बघून ते नुसते हसले.

फ्लेक्स छापायला द्यायच्या आदल्या दिवशी भाऊंबरोबर कुशाबाई आल्या. चप्पल जिन्याखाली काढून, डोक्यावर पदर घेऊन, देवळात यावं तशा. टीनाने त्यांना खुर्ची दिली आणि बैल पडद्यावर आणला. कुशाबाई बघत राहिल्या. टीना त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

“ह्यो कुनाचा हाय?” कुशाबाईंनी विचारलं.

“कुनाचा म्हंजी? आपला पाखऱ्या,” भाऊ म्हणाले.

“न्हाई. लई गुणाचा दिसतोय, पन आपला न्हाई.”

पिंटू म्हणाला, मावशी, चष्मा आणलाय का. कुशाबाईंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या नवऱ्याला म्हणाल्या, “डावं शिंग कुठं गेलं त्याचं?”

भाऊंनी खाली पाहिलं. मग कुशाबाईंच्या तोंडून सगळं बाहेर आलं. पाखऱ्याचं डावं शिंग वाकडं होतं, कानावरून खाली आलेलं. एकदा कुशाबाई ऑपरेशनसाठी पुण्याला दवाखान्यात होत्या. परत आल्या आणि पाखऱ्याने अंगणातून त्यांचा आवाज ऐकला, तसा तो दावं तोडून निघाला. गोठ्याच्या दारात शिंग अडकलं, तरी मागे सरला नाही. शिंग मोडलं आणि पुढे वाढलं ते वाकडंच. घाटात लोक त्याला बघून हसायचे. तो पहिला येईपर्यंत हसायचे. आणि फोटो काढताना भाऊ त्या बाजूला उगीच नव्हते उभे राहिले.

“गावात फ्लेक्स लागनार. वाकडं शिंग दाखवून काय हसं करून घ्यायचं व्हय?” भाऊ पुटपुटले.

“मग लावा तुमी दुसऱ्याचा बैल,” कुशाबाई म्हणाल्या आणि उठल्या.

त्या जिन्यापर्यंत गेल्या. मशीनची आरशाची युक्ती, चार चौकटी, टीनाची महिन्याची मेहनत, सगळं बरोबर होतं आणि ज्या बाईसाठी केलं ती निघून चालली होती. टीना मागे धावली. “मावशी, कसं वाकडं होतं ते दाखवाल मला? मी फोटोत पाहिलेलंच नाही ना ते.”

कुशाबाई परत आल्या. टीनाने आरसा काढून टाकला. आता डावी बाजू डावी आणि उजवी बाजू उजवी. कुशाबाईंनी आपला हात कोपरात वाकवून कानाशी धरला, बोटं खाली सोडली. “असं. आनि हितं गाठ व्हती.” टीनाने शिंगाचा एकेक बिंदू धरला आणि मला इंचाइंचाने सरकवलं. जास्त खाली गेलं, थोडं वर. वशिंड उतरवलं, मान बारीक केली, चमक काढून टाकली. भाऊंनी चढवलेलं सगळं उतरत गेलं. शेवटी टीनाचा हात थांबला.

टीना खुर्चीवरून उठली, तिने कुशाबाईंना बसवलं आणि त्यांचा हात उचलून माझ्या पाठीवर ठेवला. “फिरवा मावशी. तुम्ही फिरवाल तसा तो वळेल.”

तो हात खरखरीत होता. त्याला शेणाचा, राखेचा वास होता. इतक्या जणांनी मला धरलं होतं, कुणी आपटलं, कुणी खरवडलं, पण कुणी कधी असं धरलं नव्हतं. अंगठा माझ्या कडेवरून पुढे गेला आणि मागे आला. गुरांना असंच खाजवतात, हे मला गोठ्यात आल्यावर कळलं. बटण दाबायचं त्यांना ठाऊक नव्हतं, ते टीनाने वरून दाबून धरलं. मी हललो. पाखऱ्याने मान वळवली आणि वाकडं शिंग पुढे आलं.

“आला गं बाई,” कुशाबाई म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

फ्लेक्सवर मात्र सरळ शिंगांचाच बैल गेला. भाऊ ऐकायला तयार नव्हते. तुम्हाला वाटलं असेल की बाई रडल्यावर पुरुषाचं मन पालटलं. तसं झटकन पालटत असतं तर काय हवं होतं. जत्रेत वेशीवर भला थोरला बैल लागला, चकाकणारा, खाली भाऊंचं नाव आणि शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. पुढचं कुशाबाईंनी पेंड न्यायला आल्यावर टीनाला सांगितलं. लोक थांबून थांबून बघत होते. मग जो तो भाऊंना विचारायला लागला, “चांगदेवभाऊ, नवा बैल कवा घेतला? कुनाकडनं आनला?” पाखऱ्या आहे असं एकानेही ओळखलं नाही. ज्या गावात हसं होऊ नये म्हणून शिंग सरळ केलं, तिथे भाऊ दिवसभर “न्हाई हो, आमचाच हाय” करत फिरले.

कुशाबाईंसाठी टीनाने वाकड्या शिंगाचा पाखऱ्या वेगळा छापून दिला होता. जत्रेहून आल्यावर भाऊंनी तो कुणाला न सांगता स्वतः गोठ्याच्या भिंतीला लावला. दुसऱ्या दिवसापासून कुशाबाई धार काढायला जायला लागल्या.

माझी गोष्ट आता थोडकीच राहिली. पिंटूच्या मशीनमध्ये व्हायरस शिरला आणि त्याने सगळं पुसून नवं भरलं. दोन्ही बैल गेले, किटल्यासुद्धा गेल्या. किटल्यांचं दुःख मला नाही. टीनाने शेठकडे हट्ट धरला आणि ती पुण्याला रीतसर शिकायला गेली. त्यानंतर लाल दिव्याचा नवा माउस आला. त्याला गोळी नाही, पोट साफ करायला नको, फार शिष्ट. माझी गोळी तोवर पोरांनी खेळायला पळवली होती. पिंटूने मला शेपटीला धरून दुकानामागच्या कचऱ्यात टाकलं.

तिथे कुशाबाईंना मी दिसलो. “ह्यो त्योच ना?” त्यांनी शेठना विचारलं. शेठ म्हणाले, बंद पडलाय तो, त्याचा काही उपयोग नाही. “आसू द्या,” म्हणून त्यांनी मला पेंडीच्या पोत्यावर ठेवलं आणि घरी आणलं.

तेव्हापासून मी या खुंटीवर आहे. समोरच्या भिंतीवर पाखऱ्या आहे, कडेने थोडा पिवळा पडलेला. संध्याकाळी धार झाली की कुशाबाई हात पुसतात, मला उतरवतात आणि चित्राकडे बघत जरा वळवतात. भाऊंनी एकदा टिंगल केली, “आगं, तार कुठं जोडलीया का त्याला?” त्या म्हणाल्या, “मला ठाऊक हाय, फिरत न्हाई त्ये. गप ऱ्हावा.”

मी माणसांबद्दल वाईट बोलतो हे मला ठाऊक आहे. वर्षानुवर्षं किटल्या काढल्यावर दुसरं काय होणार. पण परवा कुशाबाई माहेरी गेल्या होत्या. दुपारी चांगदेवभाऊ एकटेच गोठ्यात आले. म्हशीला वैरण टाकली आणि इकडे तिकडे पाहिलं. मग मला खुंटीवरून काढलं, तळहातावर धरलं आणि पाखऱ्यासमोर उभे राहिले. मग त्यांनी मला हळूच वळवलं, डाव्या अंगाला, ज्या बाजूला फोटोत ते स्वतः उभे राहिले होते.

म्हणून, या घरच्या माणसांनो, जेव्हा गोठा झाडाल, भिंती रंगवाल, जुनं सामान भंगारवाल्याला द्याल, तेव्हा माझी एवढीच विनंती आहे, ही खुंटी सोडा. मला फिरवता काहीच येत नाही, पण मला धरायला या घरात आता दोन माणसं आहेत.